अमावस्येनंतरचे चार दिवस

दवाखान्याच्या पाटीवर चार गोष्टी लिहिल्या होत्या. मधुमेह, थायरॉईड, हार्मोनचे विकार आणि वंध्यत्व. जयवंताबाईंनी त्या अक्षरं जुळवत सावकाश वाचल्या आणि शेवटच्या शब्दाशी पोचताच डोक्यावरचा पदर आणखी दोन बोटं पुढं ओढला.

"शालू, दुसऱ्या दारानं जाता येत न्हाई का गं?"

"एकच दार आहे, मोठ्याई."

"मंग जल्दी चल. आपल्याकडचं कोणी पाह्यलं तर म्हणंल, साठीची म्हातारी लेकरासाठी दवाखान्यात आली."

साठीची म्हातारी म्हणजे शालूची आई, पुष्पाबाई. ती हसली नाही. तीन पायऱ्यांपैकी दुसऱ्या पायरीवर कठडा धरून उभी राहिली होती आणि तिसरी चढायची की नाही याचा विचार करत होती. शालूनं दंडाला धरून तिला वर घेतलं. दंड गार होता. बाहेर चैत्राचं ऊन रटरटत होतं, तरी गार.

आत बाकावर कॉलेजातली एक मुलगी ओढणीनं हनुवटी झाकून बसली होती. शेजारी तिचा बाप. दोघं वेगवेगळ्या भिंतींकडं बघत होते. एक तरुण मांडीवर फाइल पालथी घालून बसला होता, नाव दिसू नये म्हणून. हार्मोनच्या या डॉक्टर महिन्यातले दोन शनिवार जालन्याला यायच्या, आणि त्या दोन शनिवारी जिल्ह्यातली सगळी लपवलेली दुखणी या एका खोलीत येऊन खाली मान घालून बसायची.

शालूलाही लाज वाटत होती, पण तिची वेगळी होती. दहा दिवसांपूर्वी आई तिच्या घरी न्हाणीत पडली होती, आणि ती कशानं पडली हे शालूला आता बऱ्यापैकी कळलं होतं.

झालं होतं असं. दादांना, म्हणजे शालूच्या वडिलांना जाऊन वर्ष होत आलं तरी आई उठून कामाला लागेना, म्हणून महिन्यापूर्वी शालू तिला तीर्थपुरीजवळच्या त्यांच्या गावाहून अंबडला, आपल्या घरी घेऊन आली. शालू तिथल्या हायस्कूलात मराठी शिकवायची. रक्त तपासलं, थायरॉईड कमी निघालं. तिथल्या डॉक्टरांनी रोज सकाळी एक गोळी लिहून दिली. आई ती घेईना. घेतली की जीव घाबरा होतो, पोटात ढवळतं, म्हणायची. शालूनं ऐकलं नाही. रोज समोर उभी राहून ती गोळी गिळायला लावायची आणि वर "तोंड उघड, जीभ वर कर" म्हणून बघायची. वर्गात चॉकलेट खाणाऱ्या पोरांची तपासणी घ्यावी तशी. अठराव्या दिवशी आई न्हाणीत पडली. मोठ्या दवाखान्यात नेली तेव्हा रक्तदाब मशीनला सापडत नव्हता.

शालूनं एवढा हट्ट का धरला याला कारण होतं. आळशी माणसाला औषधाचाही आळस असतो, असं तिला मनापासून वाटलं होतं. घरात पुष्पाबाईंचं नावच पडलेलं होतं, सुस्तबाई. सासूनं ठेवलेलं. शालूच्या आठवणीतली आई कायम कशाला तरी टेकून बसलेली असायची. उन्हाळ्यात गोधडी, बोलणं एकेक शब्द उचलून ठेवल्यासारखं. आणि दुसरी एक गोष्ट होती, जी तोंडावर कुणी बोलत नसे पण भावकीत सगळ्यांना पाठ होती. तिसरीही पोरगीच झाली म्हणून पुष्पानं तिला छातीशी धरलं नाही. ती तिसरी पोरगी म्हणजे शालू. ती वाढली मोठ्या काकूच्या, जयवंताबाईंच्या दुधावर. काकूच्या मुलाच्या, शिवशंकरच्या वाटणीतलं निम्मं दूध तिनं प्यालं होतं. म्हणून काकू मोठ्याई झाली, आणि आई नुसतीच आई राहिली.

---

डॉक्टर अर्पिता मॅडम शालूच्याच वयाच्या असतील. त्यांनी आधी सगळे कागद वाचले, मग पडदा ओढून पुष्पाबाईंना तपासलं. बाहेर आल्यावर हात धुतले आणि खुर्ची पुष्पाबाईंच्या अगदी जवळ ओढून बसल्या.

"आजी, ही शेवटची लेक ना? हिच्या वेळी बाळंतपण कुठं झालं?"

"घरीच."

"रक्त फार गेलं होतं?"

पुष्पाबाईंनी जयवंताबाईंकडं पाहिलं. "गेलं असंल. याद न्हाई."

"नंतर हिला अंगावर पाजलं?"

"न्हाई," पुष्पाबाई म्हणाल्या, आणि त्याच वेळी शालूही म्हणाली, "नाही." शालूचा आवाज तिला स्वतःलाच टोचला.

"पाजलं नाही, की दूध आलं नाही?"

"पाजलं न्हाई," पुष्पाबाई म्हणाल्या. एवढ्या ठाम आवाजात त्या वर्षभरात बोलल्या नव्हत्या.

"बरं. त्यानंतर पाळी?"

"येत होती. बराबर येत होती."

डॉक्टरांनी शालूकडं पाहिलं. शालूला वाटलं, इथं तरी आपण कामाला येऊ. ती म्हणाली, "हो मॅडम, अगदी नियमित. मला चांगलं आठवतं. दर महिन्याला चार दिवस आई बाहेर बसायची. मागच्या पडवीत. आम्ही तिला शिवायचं नाही. मी दहावीत जाईपर्यंत तरी एक महिना चुकला नाही."

जयवंताबाई खुर्चीत सरकून बसल्या.

डॉक्टरांनी पेन ठेवलं. "मग माझं गणित चुकतंय. हे बघा, गोळ्या तर मी आजच चालू करणार आहे, त्याला थांबून चालणार नाही. पण मेंदूच्या तळाशी एक वाटाण्याएवढी ग्रंथी असते. शरीरातल्या बाकीच्या ग्रंथी तिच्या हुकमानं चालतात. आजींची ती जवळजवळ बंद आहे. बाळंतपणात रक्त जाऊन ती सुकली असती, तर दूध आलं नसतं, पाळी गेली असती. तसं झालेलं नाही म्हणता. मग हे अलीकडचं आहे. मग मला डोक्यात गाठ आहे असं धरून चालावं लागेल. स्कॅन, संभाजीनगरला भरती, आणि पुढं कदाचित ऑपरेशन."

"डोक्याचं?" जयवंताबाई म्हणाल्या.

"हो."

"गाठ न्हाई तिला."

"काकू, ते स्कॅन केल्यावर..."

"गाठ-बीठ काही न्हाई म्हणते ना मी!"

"अक्का!" पुष्पाबाईंनी जावेच्या मनगटाला धरलं. "तुम्हाला माझी आण आहे."

"आण गेली चुलीत. डोस्कं फोडायला निघाल्यात त्या बाई तुझं." जयवंताबाईंनी मनगट सोडवून घेतलं आणि डॉक्टरांकडं वळल्या. शालूकडं त्यांनी पाहिलंच नाही. "लिहा मॅडम. ही पोरगी झाली तव्हा हिचं इतकं गेलं की बाजेखाली मी दोनदा राख टाकली. पोत्यानं भरून. दातखिळी बसली, डोळे फिरले. अंबडला नेलं जीपमधी, एक बाटली रक्त चढवलं. वाचली. पण दूध न्हाई आलं. मी शेकलं, शतावरी दिली, बाजरीची खीर दिली, पोरगी लावून पाह्यली. थेंब न्हाई. अन् त्या दिवसापासून पाळीबी न्हाई. एकदाबी न्हाई."

"पण ती बसायची, मोठ्याई," शालू म्हणाली. "मी बघितलंय."

"बसायची. मीच बसवायची." जयवंताबाईंनी पदरानं ओठ पुसले. "अमावस्या झाली की चौथ्या दिवशी. हिशेब माझ्याकडं होता. हिला कुठलं ध्यान राह्यतं? माझ्या जुनेराच्या दोन घड्या हिच्या दोरीवर वाळू घालायचे. आमच्या सासूबाई दोरी बघायच्या ना. दोरी भरलेली दिसली की गप बसायच्या. म्हणायच्या, अजून आशा आहे, पुढल्या वक्ताला पोरगा व्हईल."

"आणि नसती दिसली तर?" डॉक्टरांनी विचारलं.

"तर काय? तीन पोरी, अन् बाई कोरडी. दुसरी आणली असती भावजींना. म्हणून ही म्हन्ली, अक्का, दूध आलं न्हाई असं सांगू नका. मी पाजत न्हाई म्हणून सांगा. नालायक म्हणतील, म्हणू द्या. नालायक बाईला नांदवतात. कोरडीला न्हाई."

डॉक्टरांनी पुन्हा पेन उचललं आणि बराच वेळ लिहीत राहिल्या. लिहून झाल्यावर म्हणाल्या, "किती वर्षं?"

"बसायची? वीस. पुढं वयच झालं, मंग सोडून दिलं."

"मी दुखण्याचं विचारते. लेकीच्या वयाएवढी, म्हणजे चौतीस वर्षं." त्या पुष्पाबाईंकडं वळल्या. "आजी, तुम्ही रोज उठत कशा होतात, हेच मला कळत नाही. ताकद येते ज्या रसायनावर, तेच तुमच्या अंगात बनत नव्हतं. थंडी वाजते, शब्द सुचत नाहीत, उठावंसं वाटत नाही, ते सगळं त्याचंच. हा आळस नव्हे."

पुष्पाबाईंनी नुसती मान हलवली. आपल्याबद्दल काही चांगलं बोललं जातंय हे त्यांच्या ध्यानात आलं नसावं.

"आणि ही थायरॉईडची गोळी," डॉक्टर कागद उलटत म्हणाल्या, "ही एकटी द्यायची नसते अशा रुग्णाला. आधी दुसरी सुरू करायची, मग ही. नाहीतर उरलीसुरली ताकदही ओढून घेते. आजी घेत होत्या का रोज?"

"मी घ्यायला लावत होते," शालू म्हणाली. "तोंड उघडून बघत होते."

"तुम्हाला कसं कळणार?"

"ती सांगत होती, मॅडम. मला त्रास होतो म्हणून ती रोज सांगत होती."

डॉक्टरांनी यावर काही म्हटलं नाही. त्याबद्दल शालूनं मनातल्या मनात त्यांचे आभार मानले.

---

गाडी घेऊन आलेला शिवशंकर औषधं आणायला गेला होता. गाडी लिंबाच्या सावलीत उभी होती आणि आत तिघी बायका ओळीनं बसल्या होत्या, शालू मधे. अंगातलं रक्त एकीचं आणि दूध दुसरीचं, आणि दोघींपैकी कुणाकडं तोंड करून बोलावं हे तिला कळत नव्हतं. लहानपणापासून तिनं घरात दोन पक्ष मानले होते. एका बाजूला मोठ्याई आणि आपण, दुसऱ्या बाजूला एकटी आई. आता कळत होतं, की पक्ष खरे दोनच होते, पण त्या दोघी एकीकडं आणि ती बाहेर.

"हे घरात न्यायचं न्हाई," पुष्पाबाई म्हणाल्या.

"आता काय राह्यलं लपवायला?" जयवंताबाई फणकारल्या. "सासूबाई गेल्या, भावजी गेले. तुला काय आता सवत येणारे?"

"त्यांचं वर्षश्राद्ध होऊ द्या. मंगळवारी सगळी भावकी येणार, केदारखेड्याहून अंजूताई येणार. लोक जेवायला बसले की ह्याच गोष्टी निघतात. मला न्हाई सहन व्हायचं."

"आणि ते म्हणतात ते सहन होतं?" शालूनं विचारलं.

"त्याची सवय आहे."

शालू आईकडं वळली. मग म्हणाली, "दादांना माहीत होतं?"

पुष्पाबाईंनी काचेतून बाहेर पाहिलं. मग त्या म्हणाल्या, "त्यांनी कधी विचारलं न्हाई. तू पाच वर्षांची झाली तव्हा सासूबाईंना म्हन्ले, शिवशंकर हाच ह्या घरचा पोरगा, आता पुरं करा. अन् बाहेर बसायच्या दिवसांत, थंडी असली की, मागच्या पडवीत शेगडी ठेवून जायचे. न बोलता. शिवायचं नसतं ना. लांबूनच सरकवायचे."

शिवशंकर आला. पिशवी जयवंताबाईंच्या मांडीवर ठेवून स्टिअरिंगवर बसला. "काय म्हन्ले डॉक्टर?"

"रक्त कमी आहे," जयवंताबाई पापणीही न लववता म्हणाल्या. "खजूर खायला सांगितलंय."

---

श्राद्धासाठी शालू आईला गावी घेऊन आली, आणि मंगळवारपर्यंत पुष्पाबाईंच्या चेहऱ्यात फरक पडला. फार नाही. पण सोमवारी सकाळी त्या आपणहून उठल्या आणि दोन वेळा चहा मागितला. काकासाहेब, शालूचे थोरले काका, ओसरीवरून म्हणाले, "पुष्पा आज हिंडून राह्यली, काय खजूर आणलाय का काय?" जयवंताबाई आत तोंडाला पदर लावून हसल्या. शालूला हसता आलं नाही.

श्राद्धाच्या दिवशी दहाच्या सुमारास घर भरलं. बाहेर भटजी, पुरुष, मांडव. आत स्वयंपाकघरात कढई, वड्याचं पीठ आणि बायका. अंजूआत्या पाट घेऊन बरोबर मधोमध बसल्या होत्या. त्या दादांच्या सगळ्यांत थोरल्या बहीण, सत्तरी उलटलेल्या, केदारखेड्याला दिलेल्या. वडे थापावेत तर त्यांनीच. एका तळहातावर पीठ, दुसऱ्या हाताची चार बोटं, मधे भोक, की तेलात. हात आणि तोंड एकाच वेगानं चालायचं.

कोपऱ्यात शिवशंकरची बायको आकांक्षा भिंतीकडं तोंड करून दीड महिन्याच्या मुलीला पाजायला बसली होती. मुलगी रडत होती. धरायची, सोडायची, परत रडायची.

"भरत न्हाई वाटतं पोट," आत्या म्हणाल्या.

"कमी येतंय, आत्या," आकांक्षा म्हणाली. कानापर्यंत लाल झाली होती. "वरून डब्याचं दूध चालू करा म्हणाले डॉक्टर."

"डबा! दीड महिन्यात? अगं येतंय कमी, का देतीस कमी?" आत्यांनी वडा तेलात सोडला. "पोरगी झाली म्हणून हात आखडू नको बाई. ह्या घरात झालंय एकदा तसं. आईचं मन न्हाई आलं तर दूध कुठून येईल?"

कुणी पुष्पाबाईंकडं पाहिलं नाही. म्हणजे सगळ्यांनी पाहिलं. पुष्पाबाई खिरीचं पातेलं ढवळत होत्या. शालूच्या तोंडात शब्द आले होते, पुरं वाक्यच आलं होतं, पण मंगळवार झाल्याशिवाय बोलायचं नाही असं तिनं आईला कबूल केलं होतं, आणि मंगळवार अजून चालूच होता. तिनं जयवंताबाईंकडं पाहिलं. त्याही ओठ घट्ट मिटून बसल्या होत्या.

आकांक्षा रडायला लागली. आवाज न करता. खांद्यावरून कळत होतं.

पुष्पाबाईंनी पळी पातेल्यावर आडवी ठेवली.

"ताई, तिला बोलू नका."

"मी काय बोलले? सांगून राह्यले चार गोष्टी."

"तिला येत न्हाई तर न्हाई येत. मला बी आलं न्हाई."

"तुला आलं न्हाई, का तू..."

"आलंच न्हाई. थेंब न्हाई आला. विटाळबी गेला त्याच दिवशी. डोक्यात एक गाठोडी असती, ती सुकली म्हणतात. शनिवारी डॉक्टरनं सांगितलं." पुष्पाबाई सावकाश बोलत होत्या, नेहमीसारख्या. पण आज त्यांच्या शब्दांमधल्या जागेत कुणी घुसलं नाही. "वीस वर्षं बाहेर बसले, ते खोटं बसले."

तेलातला वडा करपत होता. कुणीतरी झारा पुढं केला. आत्यांनी तो घेतला नाही.

"मंग सांगायचं न्हाई का?" त्या म्हणाल्या. "तोंड न्हवतं तुला?"

"सांगितलं असतं, तर तुम्ही दुसरी आणली असती."

आत्यांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. शालूला वाटलं, आता त्या म्हणतील, छे, असं कसं, आम्ही काय राक्षस होतो? ते ऐकायची तिनं तयारीही केली. पण अंजूआत्या खोटं बोलणाऱ्यांतल्या नव्हत्या. पीठ लागलेले हात मांडीवर तसेच ठेवून त्या म्हणाल्या, "आणलीच असती. पोरगी बघून ठेवल्ती. माझ्या जावेची बहीण. आईनं मला दोनदा निरोप धाडला होता, की पुढल्या महिन्यात पुष्पा बसली न्हाई की सांगते म्हणून."

"अन् मी पुढल्या महिन्यात बसले," पुष्पाबाई म्हणाल्या.

"हां. तू बसली."

आत्या मग जयवंताबाईंकडं वळल्या. "तुला ठाऊक होतं?"

"व्हय."

"अन् तू माझ्या आईला तोंडावर खोटं सांगत आलीस?"

"दर महिन्याला," जयवंताबाई म्हणाल्या.

कोपऱ्यातून एक विचित्र आवाज आला. आकांक्षाला रडता रडता हसू फुटलं होतं. ते बघून शेजारची एक फुटली, मग दुसरी. जयवंताबाई स्वतः हसायला लागल्या आणि त्यांना ठसका लागला. बाहेरून काकासाहेबांचा आवाज आला, "अगं श्राद्ध आहे का बारसं? पान वाढा!" आत्या हसल्या नाहीत. त्यांनी हात धुतले, उठल्या, गुडघ्यावर हात टेकत कोपऱ्यापर्यंत गेल्या आणि आकांक्षाच्या मांडीवरचं मूल उचलून घेतलं.

"कुठंय तो डबा?" त्या म्हणाल्या. "पाणी गरम करा कोणीतरी."

पुष्पाबाईंची त्यांनी माफी मागितली नाही. पण पंगत बसली तेव्हा बायकांतलं पहिलं पान त्यांनी पुष्पाबाईंपुढं मांडलं, आणि पुष्पाबाई उठायला लागल्या तशा खांद्यावर हात दाबून बसवलं. तेवढंच.

---

चार वाजता घर रिकामं झालं. शालूला सहाच्या गाडीनं अंबड गाठायचं होतं, दुसऱ्या दिवशी शाळा होती. आतल्या खोलीत ती बॅग भरत होती. आई पलंगावर बसली होती, साड्यांच्या घड्या करून देत.

शालूला एक गोष्ट सांगायची होती. नऊ वर्षांपूर्वी, जालन्याच्या बाळंतिणींच्या दवाखान्यात, शालूची मुलगी दोन दिवसांची होती आणि अंगावर नीट ओढत नव्हती. आई उशाशी बसलेली. ती हळूच म्हणाली होती, मान जरा वर धर तिची. आणि शालू, टाक्यांच्या कळांनी आणि न झोपल्यानं पेटलेली, सासूच्या आणि नर्सच्या देखत म्हणाली होती, "तू नको शिकवू. पाजायचं कसं असतं ते तुला काय ठाऊक?"

आई उठून बाहेरच्या बाकावर जाऊन बसली होती. संध्याकाळी शिवशंकर जेवणाचा डबा घेऊन आला तेव्हा त्याच्याबरोबर गावी निघून गेली. तिच्या माघारी सासू म्हणाली होती, आईच्या मानानं तू बरी निघालीस. आणि शालूला, आज आठवलं की अंगावर काटा येतो, तेव्हा बरं वाटलं होतं.

"आई."

"हं."

"प्रिया झाली तेव्हा दवाखान्यात मी तुला एक बोलले होते."

पुष्पाबाईंचा हात घडीवर थांबला. म्हणजे त्यांना आठवत होतं.

"सगळ्यांसमोर बोलले. मला..." शालू मराठीची शिक्षिका होती. पोरांना शब्दांचे अर्थ सांगायची. तिला एक शब्द सापडेना. "मी तसं बोलायला नको होतं. मला ठाऊक नव्हतं."

"कसं ठाऊक असणार? मीच होऊ दिलं न्हाई."

"तरी. तुला किती लागलं असेल."

पुष्पाबाईंनी साडी गुडघ्यावर ठेवली. विचार करून खरं तेच सांगावं, असा त्यांचा चेहरा झाला.

"लागलं न्हाई म्हणणार न्हाई मी," त्या म्हणाल्या. "बाकावर बसले तव्हा रडले. पण मंग गाडीत बसल्यावर लई हलकं वाटलं बघ. पंचवीस वर्षं एकच भ्या होतं. सासूबाई फसतील, भावकी फसंल, पण पोटची पोरगी एक दिवस वळखंल. तू तसं बोललीस, अन् मी म्हन्लं, चला. शालूला बी पटलं. आता कोणी शोधणार न्हाई."

त्यांनी पदर सारखा केला आणि दुसरी साडी घडीला घेतली.

शालू बॅगेपाशी उभी होती. माफी मागायला ती आली होती, आणि आईनं ते वाक्य नऊ वर्षं मजुरी मिळाल्याच्या पावतीसारखं जपलं होतं. ते परत कसं मागायचं? तिनं बॅगेतली साडी काढली, पलंगावर आईच्या शेजारी बसली आणि आईच्या हातातल्या साडीचं दुसरं टोक धरलं.

"गाडी चुकंल," पुष्पाबाई म्हणाल्या.

"चुकू दे."